सिनेमासारखा गेम कसा निवडावा, कसा लावावा आणि मध्येच कधी सोडावा

मागच्या दत्तजयंतीला नरडाण्याचे मामा सारंगखेड्याचा घोडेबाजार फिरून परत जाताना दोंडाईच्याला माझ्याकडे मुक्कामाला थांबले. जेवणं झाली, शेवभाजीचा ठसका अजून घशात होता. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पीसीवर ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा गेम लावला. मामा खुर्ची घेऊन मागे बसले. घोडा दिसल्यावर पुढे सरकले. चाल बघितली, कान बघितले, पाय मोजल्यासारखे बघितले आणि विचारलं, “देवमण शे का?” म्हणजे गळ्यावरचा शुभ भोवरा. मला काय माहीत! दीडशे तास त्या घोड्यावर बसलोय, भोवरा कधी शोधला नव्हता.

मग मी नकाशावर खूण ठोकली, सिनेमॅटिक कॅमेरा चालू केला आणि एका हाताने बटण दाबून धरलं. वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या, घोडा आपला आपण रस्त्याने पळायला लागला, कॅमेरा कधी झाडामागे तर कधी ओढ्यापलीकडे. दुसऱ्या हाताने मी चहाचा कप उचलला. मामांनी दोन मिनिटं गंमत पाहिली आणि म्हणाले, “काय रे, तू खेळी राहिना का देखी राहिना?”

दुकानात गेमिंगचा सल्ला विचारायला पोरं येतात. “भाऊ, एकदम रियल वाटेल असा गेम सांगा,” म्हणतात. त्यांना मी आता मामांचाच प्रश्न विचारतो. खाली जे लिहिलंय ते त्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर आहे. मी दिवसा सातबारा, पीकविमा आणि परीक्षेचे फॉर्म भरतो. त्याआधी याच गाळ्यात तासाला वीस रुपयांवर ‘प्रोजेक्ट आयजीआय’ आणि ‘व्हाइस सिटी’ खेळायला द्यायचो. त्यामुळे हा सल्ला जुन्या माणसाचा आहे, हे धरून चाला.

विकत घेण्याआधी

ट्रेलर बघू नका. ट्रेलर बघून गेम घेणं म्हणजे लग्नाच्या अल्बममधला फोटो बघून मुलगी पसंत करणं. यूट्यूबवर त्या गेमचा कोणीतरी न बोलता, न कापता टाकलेला पूर्ण खेळ शोधा आणि सरळ मधोमध जा. सुरुवात सगळेच मन लावून बनवतात, शेवटही. मधला भाग खरं सांगतो. तिथून पंधरा मिनिटं बघा, आणि हातात मोबाईलचं स्टॉपवॉच ठेवा. पडद्यावरचा माणूस खेळणाऱ्याच्या हुकमावर चालतोय तेवढाच वेळ मोजा. नुसतं पुढचं बटण दाबून सोबत्याच्या मागे चालणं आणि त्याचं बोलणं ऐकणं, हे मी मोजत नाही. पंधरापैकी आठ मिनिटं हात कामात असेल तर घ्या. पाचच्या खाली असेल तर तो गेम यूट्यूबवरच बघून टाका, चकटफू. यात कमीपणा काही नाही. काही गेम बघायलाच चांगले असतात.

ही भानगड आजची नाही. १९८३ साली ‘ड्रॅगन्स लेअर’ नावाचा आर्केड गेम आला होता. लेझरडिस्कवरची कार्टून फिल्म चालायची आणि खेळणाऱ्याने नेमक्या क्षणी दांडी वळवायची, एवढंच. चुकलात तर मेलात. आजच्या गेममध्ये मारामारीच्या मध्येच स्क्रीनवर ‘हे बटण पटापट दाबा’ असं येतं ना, ते त्याच खानदानातलं. उलट १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ने पूर्ण गोष्ट सांगितली आणि खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून कॅमेरा एकदाही बाहेर काढला नाही. लोक समोर बोलत असतात, तुम्ही तिकडे पाठ करून टेबलावर उड्या मारू शकता. गोष्ट सांगायची असली की हात बांधावेच लागतात असं नाही, याचा हा पुरावा पंचवीस वर्षांपेक्षा जुना आहे.

आता पैशाचं. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो, पैसे परत मिळतात. नियम चांगला आहे, पण सिनेमासारख्या गेमला तो पुरत नाही. ‘रेड डेड २’चा पहिला भाग बर्फात आहे. गाडी ओढा, पडक्या घरात शिरा, सोबत्याच्या मागे घोडा न्या, असं करता करता दीड-दोन तास सरतात आणि खरा मोकळा गेम तर नंतर सुरू होतो. तोवर परत करायची मुदत संपलेली. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा पहिल्यांदा उघडल्यावर शेडर (कार्डला चित्र रंगवायला लागणारे छोटे प्रोग्राम) तयार करण्यातच लोकांचा बराच वेळ गेला. गेम चालू असल्यामुळे तो वेळही या दोन तासांत मोजला जातो. नंतर दुरुस्त्या आल्या, पण सुरुवातीला घेणाऱ्यांचं काय?

म्हणून त्या दोन तासांत गोष्टीचा मोह धरू नका. चित्रफिती सरळ स्किप करा, हातात काय लागतं ते तपासा. बंदूक कशी चालते, घोडा कसा वळतो, आपल्या मशीनवर किती अडखळतं. ठेवायचं ठरलं तर नवीन गेम सुरू करून सगळं पुन्हा नीट बघता येतं. बैल घेताना आधी जू मानेवर ठेवून चालवतात, शिंगं रंगवायचं नंतर.

आणि घाई कशाला? ‘रेड डेड २’ कन्सोलवर ऑक्टोबर २०१८ ला आला, पीसीवर नोव्हेंबर २०१९ ला. मी तो त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्यावर सेलमध्ये घेतला. तोवर दुरुस्त्या झालेल्या, किंमत उतरलेली, आणि गोष्ट तर १८९९ सालची. तिला शिळं काय होणार?

लावताना

माझ्याकडे जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे, ४ जीबीचं. आपल्याकडे बऱ्याच पोरांकडे हेच किंवा याच्या आसपासचं असतं. यावर काय करायचं ते सांगतो, मोठ्या कार्डवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. एक गोष्ट मात्र त्यांनीही करावी. गेम उघडल्या उघडल्या सेटिंगमध्ये जाऊन फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन, मोशन ब्लर आणि लेन्स फ्लेअर बंद करा. ‘सायबरपंक २०७७’ मध्ये हे सगळे पर्याय एकाच ठिकाणी रांगेने मांडलेले सापडतील.

हे नेमकं काय असतं बघा. फिल्म ग्रेन म्हणजे जुन्या रिळावरचे दाणे. क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन म्हणजे हलक्या भिंगातून बघितल्यावर वस्तूच्या कडेला दिसणारी लाल-निळी किनार. लेन्स फ्लेअर म्हणजे भिंगात घुसलेल्या उजेडाचे डाग. हे कॅमेऱ्याचे दोष आहेत. सिनेमावाल्यांनी ते घालवायला हयात घातली आणि गेमवाले ते मुद्दाम टाकतात, वर म्हणतात वास्तव वाटतं. अरे, माझा हिरो डोळ्यांनी बघतोय, त्याने डोक्याला कॅमेरा बांधलेला नाही! चष्म्यावर असे डाग दिसले तर मी दुकानदाराच्या गळी पडेन.

मोशन ब्लरला थोडी बाजू आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि प्रत्येक फ्रेम साधारण १/४८ सेकंद उघडी राहते, म्हणून हालचाल आपोआप थोडी फराटते आणि डोळ्याला सलग वाटते. गेमची फ्रेम कोरडी आणि टोकदार असते, म्हणून ३० फ्रेमवर हलका ब्लर सुसह्य होतो. तेव्हा ३० वर खेळत असाल तर अगदी थोडा ठेवून बघा, ६० वर असाल तर काढून टाका.

यावरूनच ‘सिनेमॅटिक ३० एफपीएस’, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम, हे प्रकरण. ३० फ्रेम म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांनी नवं चित्र, ६० म्हणजे साधारण १७ नी. बघणाऱ्याला यात फरक कमी, खेळणाऱ्याला जास्त, कारण बोट दाबल्यापासून बंदूक उडेपर्यंतचा वेळ यावर ठरतो. सिनेमात कोणी बोट दाबत नाही. २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ वर ‘द ऑर्डर: १८८६’ आला होता, वर-खाली काळ्या पट्ट्या आणि ३० फ्रेम. धुळ्याच्या मित्राकडे मी तो बघितला. मिशा, कोट, धुकं, सगळं आजही डोळ्यांचं पारणं फेडेल असं. पण पट्ट्यांमुळे पायाजवळचं दिसत नव्हतं आणि मित्र दर दहा मिनिटांनी कंट्रोलर मांडीवर ठेवत होता.

तरीही, १६५० वाल्यांनो, ६० च्या मागे लागून जीव काढू नका. कधी ५५, कधी ३८, कधी ५० असं झोकांड्या खाण्यापेक्षा पक्कं ३० बरं. साध्या ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, मॉनिटरवर ३० नीट बसतं, ४० बसत नाही, मध्ये मध्ये झटके जाणवतात. घोड्यावरच्या संथ गेमला मी ३० बांधतो, गोळीबाराच्या गेमला चित्र उतरवून ६०. उतरवायचं काय? आधी सावल्या, मग धुकं-प्रकाशकिरण, मग पाण्यातली प्रतिबिंबं. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवरचा पोत, शेवटी, आणि तेही कार्डची मेमरी भरली तरच. एफएसआर (छोटं चित्र काढून मोठं करून दाखवणारी सोय) असेल तर क्वालिटीवर ठेवा. एएमडीचं असलं तरी आपल्या एनव्हिडियाच्या जुन्या कार्डवरही ते चालतं. एनव्हिडियाची तशीच सोय, डीएलएसएस, मात्र आपल्या नशिबी नाही, तिला आरटीएक्स कार्ड लागतं.

फ्रेम बांधून ठेवण्याचा दुसरा फायदा खान्देशात राहणाऱ्यालाच कळेल. मे महिन्यात इथे पारा ४४ च्या वर जातो. खोलीच तापलेली असताना कार्डला गार हवा मिळणार कुठून? ३० वर बांधलं की त्याचं काम कमी, उष्णता कमी, पंख्याचा किंचाळा कमी. कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका, ती दमट हवा असते. कूलर तुमच्याकडे, साधा पंखा मशीनकडे. आणि दर महिन्याला ब्लोअर मारा. दोंडाईच्यात मिरचीच्या हंगामात कॅबिनेट उघडायचं तर तोंडाला रुमाल बांधा, नाहीतर गेमपेक्षा जास्त रडाल.

लाइटीचंही बघून ठेवा. साध्या यूपीएसवर पाच-सात मिनिटं मिळतात, ती सेव्ह करायला. पण ‘रेड डेड २’ मध्ये मिशन चालू असताना सेव्ह करता येत नाही. एकदा मोठ्या मिशनच्या अगदी शेवटी, चित्रफीत रंगात आलेली, आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरीही बसलेली निघाली. पाऊण तास पुन्हा तेच. तेव्हापासून मोठं मिशन मी रात्री अकरानंतर घेतो आणि बॅटरी दर दोन वर्षांनी बदलतो.

जागाही लागते. ‘रेड डेड २’ साठी १५० जीबी मागतात. हार्ड डिस्कवर टाकायचा विचार सोडा. २०२३ च्या ‘स्टारफिल्ड’सारखे गेम तर एसएसडी (जास्त वेगाची डिस्क) पाहिजेच म्हणून लिहितात. जुन्या डिस्कवर हे चित्र ओढण्याचा वेगच पुरत नाही. यात एक मजा आहे. २०१८ चा ‘गॉड ऑफ वॉर’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच न तुटलेल्या शॉटमध्ये आहे, कुठे कट नाही. मग पुढचा भाग लोड कधी होतो? बाप-लेक अरुंद फटीतून अंग चोरून सरकतात ना, तेव्हा. एकदा हे कळलं की प्रत्येक कपारीत हसू येतं.

खेळताना

पहिलं काम, कोपऱ्यातला गोल नकाशा घालवा. कलाकारांनी कित्येक वर्षं खपून डोंगर, नदी, संध्याकाळ रंगवली आणि आपण तासन् तास त्या बशीएवढ्या गोलातली लाल रेघ बघत घोडा हाकतो. ‘रेड डेड २’ मध्ये नकाशाऐवजी नुसतं होकायंत्र ठेवता येतं किंवा तेही बंद करता येतं. मी ते केलं आणि दुसऱ्याच दिवशी मला रस्ते पाठ व्हायला लागले. जळकं झाड, मोडका पूल, तिथून डावीकडे. आपण गावात पत्ता असाच सांगतो, पाराच्या पुढे, पिठाच्या गिरणीला वळसा. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ने तर बाणच काढून टाकला, वारा ज्या दिशेने वाहतो तिकडे जायचं. एवढी सुंदर कल्पना मला वर्षानुवर्षं दुसरी दिसली नाही. उलट टोक म्हणजे चढायच्या कडांना फासलेला पिवळा रंग. चेहऱ्यावरची रंध्रं दाखवणाऱ्या गेममध्ये डोंगरात कोण पेंटर फिरून गेला?

सबटायटल चालू ठेवा आणि अक्षर मोठं करा. माझ्यासारख्या मराठी मीडियमवाल्याला अमेरिकन गुराख्याचं इंग्रजी कूलरच्या आवाजात काय डोंबल कळणार. लाजायचं काही नाही. मी पहिल्या महिन्यात मध्येच पॉज करून शब्द बघायचो.

आता खऱ्याखुऱ्या वास्तवाबद्दल, कारण पोरं विचारतात ते हेच. माझ्या मते वास्तव दोन प्रकारचं. एक दिसण्याचं, दुसरं भोगण्याचं. ‘रेड डेड २’ मध्ये थंडीत घोड्याची अंडं आकसतात, ही गोष्ट जगभर गाजली. मामांना सांगितली तर ते इतके हसले की पान थुंकायला उठावं लागलं. पण त्याने खेळात फरक काय पडला? शून्य. त्याच गेममध्ये प्रत्येक कपाटाचा खण हाताने उघडायचा, आतला डबा हाताने उचलायचा, हरणाचं कातडं दर वेळी पूर्ण सोलायचं. पहिले दहा तास मी थक्क. पन्नासाव्या तासाला मी हरणं मारायचं सोडून दिलं, कारण सोलण्याचा कंटाळा. शिवाय जग एवढं मोकळं असूनही मिशनमध्ये शिरलं की दोरीवरून चालायचं. सोबत्यांना सोडून जरा आपल्या वाटेने गेलात की मिशन फेल.

भोगण्याचं वास्तव वेगळं. तुमचा घोडा गोळी लागून पडला आणि वेळेत औषध दिलं नाही तर तो मरतो, कायमचा. दुसरा घ्यावा लागतो, त्याच्याशी पुन्हा पहिल्यापासून ओळख वाढवावी लागते. त्या रात्री मामांच्या समोरच माझा घोडा पडला. मी लगेच जुना सेव्ह उघडायला गेलो. मामा म्हणाले, “राहू दे. मरना ते मरना.” मी तसंच खेळलो. खोगीर काढून खांद्यावर घेतलं आणि चालत निघालो. भोवरा न विचारता मामा एक वाजेपर्यंत जागे राहिले.

म्हणून सवय लावून घ्या. चूक झाली की जुना सेव्ह उघडू नका. २०१८ चा ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ ही सवय सक्तीने लावतो. १४०३ सालचा बोहेमिया, नायक लोहाराचा पोरगा. त्याला वाचता येत नाही. पुस्तक उघडलं तर अक्षरं उलटीपालटी दिसतात, आधी जाऊन शिकावं लागतं. हवं तेव्हा सेव्ह करायचं तर खास दारू खर्च करावी लागते, नाहीतर आपल्या अंथरुणावर झोपायचं. रक्ताने माखलेले कपडे घालून गावात गेलात तर लोक तसं वागवतात. चित्र ‘रेड डेड’च्या जवळपासही नाही, तरी रात्री जंगलातून जाताना मला त्यात जास्त भीती वाटली. २००० सालच्या ‘आयजीआय’ मध्ये मिशनच्या मध्ये सेव्हच नव्हतं. माणसांचे चेहरे ठोकळ्यासारखे, पण शेवटच्या कोपऱ्यावर पोचल्यावर माझ्या कॅफेतल्या पोरांचे तळहात घामेजायचे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पत्त्यांत तरी ग्राफिक्स कुठे असतात? खिशातले पैसे जातात, म्हणून डोळा लागत नाही.

गोष्ट सांगायची ती खऱ्या कातडीनेच सांगावी असंही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ काढला. त्यातल्या चित्रफिती सावल्यांच्या बाहुल्यांच्या आहेत. रंग लघुचित्रांसारखे. जीटीएक्स १६५० वर मजेत चालतो. मारामारी थोडी ढिली आहे, ते मान्य. पण आपल्याच राज्यातल्या लोकांनी केलेला खेळ म्हणून एकदा बघाच.

सोडताना

सिनेमासारखा गेम अर्धवट सोडला की पोरांना पैसे बुडाल्यासारखं वाटतं. मी तीन बैठकांचा हिशेब ठेवतो. एक बैठक दीड तासाची. सलग तीन बैठकांत मी मोबाईल हातात घेतला असेल, आणि तोही गेम चालू असताना, तर गेम गेला. पुढे ‘चांगलं होतं’ म्हणून सांगणाऱ्यांचं ऐकू नका. पुढची गोष्ट जाणून घ्यायची असेल तर यूट्यूब आहेच, जेवताना दोन संध्याकाळी उरकते. आणि खेळत राहायचं ठरलं तर दोन मोठे असे गेम लागोपाठ घेऊ नका. मध्ये ‘स्टारड्यू व्हॅली’सारखं काही साधं घ्या. त्यात शेती आहे, पण पीकविम्याचा फॉर्म नाही.

काढून टाकताना सेव्ह फाइल मात्र जपा. गेम पुन्हा उतरवता येतो, तुमचे दीडशे तास नाही. क्लाउडवर गेल्याची खात्री करा, शिवाय सेव्हचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि त्याला तारखेचं नाव द्या. माझा तो मेलेला घोडा ज्या सेव्हमध्ये जिवंत आहे, ती फाइल १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर आहे, गिऱ्हाइकं विसरून गेलेल्या चाळीस-पन्नास सातबाऱ्यांच्या शेजारी.